गच्ची हिरवी केल्याने पर्यावरणाला नेमकं काय मिळतं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: सात मजली इमारत, वर साधारण ३०० चौरस मीटरची सपाट, मोकळी गच्ची. काही रहिवाशांना वाटतं की संपूर्ण गच्चीवर लॉन केली तर इमारत थंड राहील, शहराचं तापमान उतरेल आणि हवा स्वच्छ होईल. उरलेल्यांच्या मते हा सगळा देखावा आहे. पांढरा रंग मारला की तेच काम होतं. यातून पर्यावरणाला खरोखर किती फायदा होतो, आणि नुसत्या कुंड्या ठेवल्या तर तो मिळणार नाही का, हे तुम्हाला जाणून घ्यायचं आहे.

इमारतींच्या छतांवर माती चढवायची आणि ती जिवंत ठेवायची, हेच माझं काम आहे. त्यामुळे माझा कल कुणीकडे असणार हे उघड आहे. तरीही तुमच्याकडच्या दोन्ही गटांचं म्हणणं मला अर्धं अर्धं पटतं. फायदा आहे की नाही, असा हा वाद मुळात नाहीच. हिरव्या छताचे फायदे बरेच आहेत, पण प्रत्येकाची पोच वेगळी आहे. एक फायदा स्लॅबपुरता राहतो, दुसरा सातव्या मजल्यापर्यंत उतरतो, तिसरा रस्त्याखालच्या गटारापर्यंत जातो, चौथा आसपासच्या कीटक-पक्ष्यांना मिळतो. शहराच्या तापमानापर्यंत पोचायला मात्र एक गच्ची पुरत नाही. आणि हे सगळे फायदे एकाच गोष्टीवर चालतात: वरच्या थरात पाणी किती मावतं आणि ते तिथे किती दिवस राहतं. म्हणून तुमच्या बैठकीत आधी हे विचारा की आपला स्लॅब किती जाडीचा ओला थर पेलेल, कोरड्या दिवसांत त्याला पाणी कुठून मिळेल, आणि आपल्याला त्यातून सगळ्यात जास्त काय हवं आहे.

हिरवं छत म्हणजे मी काय धरते तेही सांगते. खाली वॉटरप्रूफिंग. त्यावर मुळं आत शिरू नयेत म्हणून रूट बॅरियर, मग निचऱ्याचा थर, मग बारीक माती वाहून जाऊ नये म्हणून जिओटेक्स्टाइलचं कापड, आणि सगळ्यात वर हलकं माध्यम. हे माध्यम म्हणजे बागेतली माती असं समजू नका. प्युमिससारखा सच्छिद्र दगड, भट्टीत भाजलेल्या मातीच्या गोळ्या, विटांचा चुरा अशा खनिजांत थोडं कंपोस्ट मिसळलेलं असतं. सहा ते पंधरा सेंटिमीटरचा पातळ थर असेल तर गवतं, रानफुलं, मांसल पानांच्या बुटक्या वनस्पती राहतात. त्याहून जाड थरावर झुडपं आणि झाडं येतात, पण तो बहुतेक जुन्या इमारतींना झेपत नाही. त्यामुळे पुढचं सगळं दहा सेंटिमीटरचा थर धरून लिहिते.

पाण्यापासून सुरुवात करते, कारण शहराला मिळणारा सगळ्यात भरवशाचा फायदा माझ्या मते हाच आहे आणि तुमच्या चर्चेत तो आलेलाच दिसत नाही. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे चौरस मीटरला एक लिटर पाणी. तासाभरात २० मिलिमीटरची सर आली, तर तुमच्या गच्चीवर ६,००० लिटर पडतं. उघड्या स्लॅबवरून त्यातलं जवळजवळ सगळं काही मिनिटांत पाइपात उतरतं. अख्ख्या वस्तीची छतं तेच एकाच वेळी करतात, आणि गटार तुंबतं ते या एकाच वेळेच्या गर्दीमुळे. जुन्या शहरांत सांडपाणी आणि पावसाचं पाणी एकाच वाहिनीतून जातं. तिथे अशा सरीनंतर मैल्यासकट पाणी नदीत जातं.

दहा सेंटिमीटरचं कोरडं माध्यम चौरस मीटरला साधारण २५ ते ४० लिटर पाणी धरतं. आपण ३० धरू. मग तुमच्या गच्चीची साठवण ९,००० लिटर झाली, आणि ती सर जवळपास पूर्ण वरच मुरली. पण हा हिशेब कोरड्या माध्यमाचा आहे. कालपासून पाऊस लागून राहिला असेल, तर छिद्रं आधीच भरलेली असतात आणि आजच्या पावसातलं बरंचसं पाणी खाली जाणारच. भरलेला स्पंज आणखी पाणी घेत नाही, तसंच आहे हे. मात्र तेव्हाही पाणी माध्यमातून झिरपत, निचऱ्याच्या थरातून वाट काढत, उशिरा आणि हळू उतरतं. गटाराच्या दृष्टीने ही दिरंगाईसुद्धा मोलाची असते, कारण त्याचा व्यास ठरवताना सगळ्यात मोठ्या लोंढ्याचा विचार करावा लागतो.

इथे वनस्पतींचं खरं काम लक्षात येतं. दोन सरींच्या मधल्या दिवसांत त्यांची मुळं थरातलं पाणी ओढून पानांतून हवेत सोडतात आणि पुढच्या सरीसाठी जागा रिकामी करून ठेवतात. ज्या समशीतोष्ण भागांत पाऊस वर्षभर थोडा थोडा पडतो, तिथे अशी छतं वर्षाच्या पावसातला साधारण निम्मा ते ७० टक्के वाटा वरच राखून हवेला परत देतात. जिथे तीन-चार महिने संततधार असते, तिथे हे प्रमाण बरंच खाली येतं. म्हणून माहितीपत्रकात टक्केवारी दिसली की ती कोणत्या हवामानात मोजली आहे, हे आधी विचारा. मी स्वतः संततधारेच्या प्रदेशात टक्केवारी सांगतच नाही. ‘पहिल्या सरी अडतील, मोठ्या पावसाचा लोंढा मंदावेल’ एवढंच सांगते, आणि तेवढंही पुरेसं आहे.

आता उष्णता. उघड्या, गडद छताचा पृष्ठभाग कडक उन्हात ७० अंश सेल्सियसच्या वर जाऊ शकतो. कॅनडाच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेने ओटावा इथे एकाच छताचे दोन भाग करून २००० ते २००२ या काळात मोजमाप केलं. एक भाग साधा, दुसऱ्यावर १५ सेंटिमीटरचं माध्यम आणि वनस्पती. साध्या भागातला वॉटरप्रूफिंगचा थर उन्हाळ्यात ७० अंशांपुढे गेला, हिरव्या भागाखालचा २५ अंशांच्या आसपास थांबला. वसंत आणि उन्हाळ्यात छतातून होणाऱ्या उष्णतेच्या ये-जामुळे लागणारी रोजची ऊर्जा ७५ टक्क्यांहून जास्त घटली.

हा ७५ टक्क्यांचा आकडा जपून वापरा. तो फक्त छतातून येणाऱ्या-जाणाऱ्या उष्णतेपुरता आहे. भिंती, खिडक्या, माणसं, उपकरणं यांची उष्णता त्यात नाही. तुमच्या इमारतीत याचा फरक सातव्या मजल्यावर चांगला जाणवेल, सहाव्यावर थोडासा, आणि त्याखाली नाहीच म्हणा ना. एक किंवा दोन मजल्यांचं पसरट बांधकाम असेल, उदाहरणार्थ शाळा, गोदाम किंवा बाजाराची इमारत, तर तिथे हाच फायदा कितीतरी मोठा ठरतो. उंच, निमुळत्या इमारतीत ‘वीज वाचेल’ हा मुद्दा पुढे करू नये, असं मला प्रामाणिकपणे वाटतं.

ही उष्णता जाते कुठे? काही पानांची सावली अडवते, काही माध्यमाच्या जाडीत मुरून रात्री हळूहळू बाहेर पडते, पण मोठा वाटा बाष्पीभवनाचा असतो. एक लिटर पाण्याची वाफ व्हायला जवळजवळ ०.६८ युनिट इतकी ऊर्जा लागते. ओल्या, दाट वाढलेल्या छतावरून दिवसाला चौरस मीटरमागे तीन लिटर पाणी उडालं, तर तुमच्या गच्चीवरून दिवसात ९०० लिटर जातं आणि त्याबरोबर सुमारे ६०० युनिटइतकी उष्णता वाफेत बांधली जाते. याचा अर्थ ६०० युनिट वीज वाचली असा होत नाही, कारण ती सगळी उष्णता घरात शिरणार नव्हतीच. पण स्लॅब तापवायला आणि वरची हवा भाजायला ती उरली नाही, एवढं नक्की.

आणि इथेच एक पेच आहे. छत थंड राहतं ते पाणी उडतं म्हणून. म्हणजे पाणी संपलं की थंडावाही ओसरतो. उन्हाळ्याच्या ऐन काहिलीत माध्यम कोरडं ठणठणीत झालं, तर सावली आणि जाडी यांचा फायदा राहतो, बाष्पीभवनाचा जातो. शिवाय पातळ छतांवर जगभर लावतात त्या सेडमसारख्या मांसल पानांच्या वनस्पती तग धरतात कशा, ते बघा. पाण्याचा ताण पडला की त्या दिवसा पानांवरची रंध्रं मिटून घेतात आणि रात्री उघडतात. पाणी वाचतं, वनस्पती जगते, पण दुपारी ती फारशी वाफ सोडत नाही, म्हणून हवाही फार थंड करत नाही. पाणी न मागणारी आणि भरपूर थंडावा देणारी वनस्पती असावी, असं मला दर वेळी सांगितलं जातं. तशी वनस्पती नसते. कमी पाणी हवं असेल तर थोडा थंडावा सोडावा लागतो. थंडावा हवा असेल तर पाण्याची सोय करावी लागते. मी बहुतेक वेळा दोन्ही प्रकार मिसळते: तग धरणाऱ्यांचा पाया, आणि ओल असेल तेव्हा जोमाने वाढणारी गवतं, फुलझाडं.

हे पाणी पिण्याच्या नळाचं असेल तर मात्र पर्यावरणाचा हिशेब उलटा फिरतो. कोरड्या महिन्यांत रोज ९०० लिटर शुद्ध केलेलं पाणी गच्चीवर ओतून त्याला हिरवी इमारत म्हणणं मला मान्य नाही. पावसाची टाकी, वातानुकूलन यंत्रांतून ठिबकणारं पाणी, बेसिन आणि अंघोळीचं गाळून घेतलेलं पाणी यांतून जेवढं भागेल तेवढंच सिंचन ठेवा आणि वनस्पती त्या बेताने निवडा. लावल्यानंतरचं पहिलं वर्ष नियमित पाणी लागतं, त्याला इलाज नाही.

‘शहराचं तापमान उतरेल’ हे म्हणणं घेऊ. सातव्या मजल्याच्या उंचीवर थंड झालेली हवा तिथल्या वाऱ्यात मिसळते, फूटपाथवर चालणाऱ्यापर्यंत फार थोडी पोचते. छत जितकं उंच, तितका रस्त्यावरचा परिणाम कमी. चालणाऱ्या माणसाला गारवा द्यायचा असेल, तर रस्त्याकडेच्या मोठ्या झाडाला तोड नाही. पण अख्ख्या भागातली छतं मिळून हिरवी झाली, तर शहरावरच्या हवेत एकूण उष्णताच कमी जाते. म्हणूनच काही शहरांनी हा विषय एकेका इमारतीच्या मर्जीवर सोडला नाही. तोक्योने २००१ पासून मोठ्या भूखंडांवरच्या नव्या इमारतींना वापरता येण्याजोग्या छताचा किमान २० टक्के भाग हिरवा करणं बंधनकारक केलं. टोरांटोने २००९ मध्ये उपविधी केला: २,००० चौरस मीटरहून मोठ्या नव्या इमारतींना आकारमानानुसार उपलब्ध छताचा २० ते ६० टक्के भाग हिरवा करण्याची अट त्यात होती. तोक्योला शहरातली उष्णता सतावत होती, टोरांटोला पावसाच्या पाण्याचाही प्रश्न होता. तुमची एक गच्ची हवामान बदलणार नाही, पण ती या बेरजेतला एक आकडा आहे.

पांढऱ्या रंगाची बाजू घेणाऱ्यांचं काय? ते चूक नाहीत. चांगला परावर्तक पांढरा लेप नवा असताना पडणाऱ्या उन्हातला ७० ते ८० टक्के भाग परत पाठवतो. वजन नाही, पाणी नाही, आठवड्यात काम होतं. धूळ बसली की परावर्तन घटतं, म्हणून तो धुवावा आणि काही वर्षांनी पुन्हा मारावा लागतो. थंड प्रदेशात हिवाळ्यातली हवीहवीशी उष्णताही तो परत पाठवतो. पण निव्वळ छताची उष्णता कमी करायची असेल आणि खर्चात भागवायचं असेल, तर मी स्वतः पांढरा लेप सुचवते. जे पांढरा रंग करू शकत नाही ते म्हणजे पावसाचं पाणी अडवणं, वॉटरप्रूफिंगचं ऊन-थंडीच्या ताणापासून पूर्ण रक्षण करणं, आणि एखाद्या मधमाशीला बसायला फूल देणं.

त्यातलं वॉटरप्रूफिंगचं रक्षण थोडं उलगडून सांगते, कारण ते पर्यावरणाच्या यादीत कुणी धरत नाही. उघडा थर दिवसा तापून ताणतो, रात्री आकसतो, अतिनील किरणांनी कडक होतो आणि शेवटी तडकतो. ओटावाच्या मोजमापात उन्हाळ्यात साध्या छताच्या तापमानात दिवसभरात सुमारे ४५ अंशांचा चढउतार होता, हिरव्या छताखाली सुमारे ६ अंशांचा. माध्यमाखाली झाकलेला चांगला थर उघड्या थराच्या दुप्पट किंवा त्याहून जास्त टिकतो. म्हणजे डांबर आणि प्लॅस्टिकचे ते थर खरवडून, टेम्पोत भरून कचऱ्यात नेऊन टाकणं आणि नवे बनवणं, ही एक अख्खी फेरी टळते.

इथवरचं एकत्र धरलं तर असं दिसतं: पावसाचं पाणी अडवणं आणि छताच्या थराचं आयुष्य वाढवणं हे तुमच्या इमारतीला पक्के मिळणारे फायदे. वरच्या मजल्याचा थंडावा खरा, पण मर्यादित. शहराचा थंडावा सामूहिक.

हवा शुद्ध होण्याबद्दल थोडक्यात सांगते, कारण इथे फार काही हाती लागत नाही. शिकागोतल्या १९.८ हेक्टर हिरव्या छतांनी वर्षभरात हवेतले १,६७५ किलो प्रदूषक शोषले, असा अंदाज २००८ च्या एका अभ्यासात मांडला गेला. त्यात निम्म्याहून जास्त ओझोन होता. हे चौरस मीटरला साडेआठ ग्रॅमच्या आसपास पडतं. तुमच्या गच्चीला लावलं तर वर्षाला अडीच किलो. वाईट नाही, पण यासाठी कुणी छत हिरवं करू नये. कार्बनचंही तसंच. मिशिगनमध्ये मोजलेल्या पातळ सेडम छतांत वनस्पती, मुळं आणि माध्यम मिळून दोन हंगामांत चौरस मीटरला सुमारे ३७५ ग्रॅम कार्बन साठला. म्हणजे ३०० चौरस मीटरला एकशे दहा-बारा किलो. पुढे वाढ आणि कुजणं यांचा तोल बसला की साठा फारसा वाढत नाही. उलट भाजलेल्या मातीच्या गोळ्या बनवायला हजार अंशांच्या वरची भट्टी लागते, निचऱ्याचे पत्रे प्लॅस्टिकचे असतात. त्यांचा भार आधी फेडावा लागतो. म्हणून जवळ मिळणारा विटांचा चुरा किंवा पाडलेल्या बांधकामातलं स्वच्छ खनिज साहित्य वापरता आलं, तर मला ते नेहमी जास्त आवडतं.

सजीवांच्या बाबतीत मात्र मी भरभरून बोलणार आहे. स्वित्झर्लंडमधल्या झुरिक शहरात मोस नावाचं जलशुद्धीकरण केंद्र आहे. १९१४ मध्ये त्याच्या सपाट छतांवर, वॉटरप्रूफिंग आणि खडीवर, आजूबाजूची माती पसरली गेली. उद्देश एवढाच की खाली गाळलं जाणारं पाणी थंड राहावं. त्या मातीत बिया होत्या. जवळपास ३०,००० चौरस मीटरवर कुरण तयार झालं. आसपासची तशी कुरणं पुढे शेती आणि बांधकामांखाली गेली, आणि हे छत मागे उरलं. तिथे १७० हून अधिक जातींच्या वनस्पती नोंदल्या गेल्या आहेत, त्यात ऑर्किडच्या नऊ जाती. कुणी जपायला म्हणून लावलेलं ते नव्हतं. स्थानिक माती, पुरेशी जाडी आणि शंभर वर्षांचा निवांतपणा एवढ्यावर ते झालं.

त्याच देशातल्या बाझेल शहराने तर छतं हिरवी करणं नियमांतच आणलं. २००२ पासून तिथल्या बांधकाम नियमांत नव्या सपाट छतांना हिरवं करण्याची अट आली आणि माध्यम स्थानिक असावं, त्याची जाडी जागोजागी वेगवेगळी असावी, असाही आग्रह धरला गेला. कारण तिथल्या अभ्यासात दिसलं की एकसारख्या जाडीच्या, एकाच वनस्पतीच्या गालिच्यावर कोळी आणि भुंगेरे कमी सापडतात. उंचसखल, वाळू-खडी-माती मिसळलेल्या छतावर ते कितीतरी जास्त, दुर्मीळ जातींसकट, येऊन राहतात. मी स्वतः आता सपाट गालिचा करतच नाही. स्तंभ आणि तुळया असतात तिथे स्लॅब जास्त पेलतो. तिथे वीसेक सेंटिमीटरचे उंचवटे करते, बाकी सहा-आठ सेंटिमीटर. एका कोपऱ्यात वाळू मोकळी ठेवते, कारण एकेकट्या राहणाऱ्या मधमाश्यांच्या कित्येक जाती जमिनीत बीळ करतात. दोन-चार वाळकी खोडं टाकते. फुलं झडल्यावर वाळलेले दांडे लगेच कापू देत नाही; त्यांच्या पोकळीत अंडी असतात. असं छत कोरड्या दिवसांत तपकिरी दिसतं. हे रहिवाशांना आधीच सांगून ठेवा, नाहीतर पहिल्याच उन्हाळ्यात ‘मेलं सगळं’ म्हणून कुणीतरी ते उपटून टाकेल. पहिल्या पावसानंतर ते मुळांतून आणि बियांतून परत येतं.

सातव्या मजल्यावर सगळंच येईल असं नाही. उडणारे भुंगेरे, मधमाश्या, फुलपाखरं, पक्षी येतात. जमिनीवरून चालणारे जीव येणार नाहीत. आणि कुठलीही गच्ची खालच्या मोकळ्या जमिनीची जागा घेऊ शकत नाही. ‘आम्ही वर बाग केली, आता खालची झाडं तोडून पार्किंग करू’ असा सौदा कुणी मांडला, तर तो मोडून काढा.

यावरून लॉनबद्दल माझं मत काय असेल हे तुमच्या लक्षात आलं असेल. सारखी कापलेली, सारखी पाजलेली, खत घातलेली हिरवळ हा छतावरचा सगळ्यात खर्चिक आणि सगळ्यात कमी उपयोगाचा प्रकार. तिच्यात फुलं नाहीत, म्हणून कीटक नाहीत. तिला पाणी सगळ्यात जास्त लागतं. आणि खताचं पाणी निचऱ्यातून खाली येतं: नायट्रेट, फॉस्फेट घेऊन ते गटारातून तळ्यात गेलं की तिथे शेवाळ माजतं. म्हणजे ज्या पाण्यासाठी आपण हे केलं तेच आपण बिघडवलं. माध्यमात कंपोस्ट १० ते २० टक्क्यांच्या आत ठेवा, रासायनिक खत शक्यतो नको. उपासमारीत वाढणाऱ्या वनस्पतीच छतावर जास्त टिकाऊ असतात.

कुंड्यांचा प्रश्न सोपा आहे. २० लिटरच्या ४० कुंड्या ठेवल्या, तर ८०० लिटर माती झाली. ३०० चौरस मीटरवर दहा सेंटिमीटरचा थर म्हणजे ३०,००० लिटर. पाणी अडवण्यात आणि स्लॅब झाकण्यात कुंड्यांचा वाटा इतकाच राहतो. त्यांच्यामधल्या उघड्या स्लॅबवर ऊन पडतंच. पण कुंड्यांत भाजी होते, फुलं होतात, माणसं गच्चीवर यायला लागतात. तो फायदा मला फार मोलाचा वाटतो. कुंड्या खुशाल ठेवा, फक्त त्यांना हिरव्या छताचा पर्याय समजू नका. मोठ्या कुंड्या तुळयांच्या वर, कडेला ठेवा. मधोमध एका जागी गर्दी नको.

हे सगळं ज्याच्यावर अवलंबून आहे तो भाग आता. पूर्ण भिजलेला दहा सेंटिमीटरचा हलका थर, सगळ्या थरांसकट, चौरस मीटरला ११० ते १५० किलो भरतो. तुमच्या गच्चीवर तो ३३ ते ४५ टन होईल. साधी बागेची माती घातली तर तेवढ्याच जाडीला १७० ते १९० किलो. इमारत बांधताना गच्चीवर माणसांच्या वावरासाठी जो भार धरलेला असतो, तो मातीवर खर्च करता येत नाही. माणसं तर वर येणारच आहेत. त्यातून जुन्या स्लॅबवर दुरुस्त्यांचे, कोब्याचे थर आधीच चढलेले असतात, ते कुणाच्या हिशेबात नसतात. म्हणून स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून ‘सध्याच्या थरांव्यतिरिक्त चौरस मीटरला इतके किलो कायमचा भार चालेल’ असा लेखी आकडा घ्या. तोंडी ‘चालेल हो’ पुरत नाही.

वॉटरप्रूफिंगबद्दल एकच गोष्ट: माध्यम चढवण्याआधी सगळे निचरे बंद करून गच्चीवर पाणी भरा आणि ४८ तास खाली ओल येते का बघा. एकदा थर चढला की गळती शोधायला सगळं उकरावं लागतं. पॅरापेटच्या कडेने, पाइपांभोवती आणि निचऱ्यांभोवती अर्ध्या मीटरचा खडीचा पट्टा ठेवा. पाणी अडत नाही, मुळं कडांत शिरत नाहीत, आणि वाळल्या दिवसांत आग लागलीच तर ती पसरायला अडथळा होतो. प्रत्येक निचऱ्यावर उघडता येणारं झाकण ठेवा.

तुमच्या जागी मी असते तर संपूर्ण ३०० चौरस मीटरच्या मागे लागले नसते. साधारण निम्म्या भागावर आठ-दहा सेंटिमीटरचं, उंचसखल, तुमच्या भागातल्या माळरानावर आपसूक उगवणाऱ्या वनस्पतींचं छत. उरलेल्यात वावरायला वाट, कुंड्यांची कडा, पाण्याच्या टाक्या, आणि उघड्या राहणाऱ्या स्लॅबला पांढरा लेप. दोन्ही गटांची भांडणं इथेच मिटतात, कारण या दोन गोष्टी एकमेकींच्या आड येत नाहीत. सौर पॅनेल बसवायचे असतील तर ते हिरव्या भागावरच उंच स्टँडवर बसवा. नेहमीच्या सिलिकॉन पॅनेलची क्षमता २५ अंशांच्या वर दर अंशाला साधारण ०.४ टक्क्याने घटते, आणि हिरव्या थरावरची हवा तापलेल्या उघड्या स्लॅबवरच्या हवेपेक्षा कमी तापलेली असते. पॅनेलच्या सावलीत ओल टिकते, तिथे वेगळ्या वनस्पती येतात. फक्त उंच वाढणारं गवत पॅनेलच्या खालच्या कडेला लावू नका.

पावसाचं पाणी खाली उतरतं ते थेट गटारात न सोडता शोषखड्ड्यात किंवा टाकीत घेता येत असेल, तर ते काम छताच्या कामाबरोबरच करून टाका. छताने मंदावलेला प्रवाह टाकीत गाळून घेणं सोपं जातं, आणि तेच पाणी कोरड्या महिन्यांत वर चढवता येतं.

इंजिनिअरचा आकडा चौरस मीटरला १०० किलोच्या बराच खाली आला, तर हट्ट करू नका. पांढरा लेप मारा, मोजक्या कुंड्या ठेवा, आणि उरलेले पैसे खाली आवारात फरशी काढून माती मोकळी करण्यात आणि दोन मोठी होणारी झाडं लावण्यात घाला. आकडा १२० किलोच्या वर आला, तर मला तीन गोष्टी कळवा: तुमच्याकडे वर्षात सलग किती महिने कोरडे जातात, गच्चीला निचरे किती आणि कुठे आहेत, आणि सध्याचं वॉटरप्रूफिंग किती जुनं आहे. त्यावरून थराची जाडी आणि वनस्पतींची यादी सुचवता येईल.